बालकांचे पडद्यावरील खेळ आणि पालकांची मुखत्यारी

(गोडदेव, भाईंदर पूर्व येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत त्यांचे आयुष्य मुलांच्या सहवासात गेले, म्हणून आजच्या भाषणासाठी मी मुलांचाच विषय निवडला आहे. आपल्या घरातील मुले हातातल्या पडद्यावर जे खेळ खेळतात त्यांवर वयाचा एक अंक लिहिलेला असतो. तो अंक कोण ठरवितो, कशाच्या आधाराने ठरवितो, पालकाने त्यावर कितपत विसंबावे, आणि त्या अंकाची सत्ता जेथे संपते तेथून पुढे घराचा अंमल कसा चालावा, एवढाच माझ्या विवेचनाचा आवाका आहे.

गोडदेव हे मूळचे आगरी वस्तीचे, शेतीचे आणि मिठागरांच्या शेजारचे गाव. १९८५ मध्ये येथे मीरा-भाईंदर नगरपरिषद आली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेल्याचे नोंदले गेले. गावाचे नाव नाक्याला उरले; त्याच्या भोवती इमारती उभ्या राहिल्या, गाळ्यागाळ्यांतून स्टीलच्या भांड्यांचे कारखाने चालू लागले, आणि कमावत्या माणसांचा फार मोठा वर्ग रोज सकाळी चर्चगेटच्या लोकलसाठी फलाटावर उभा राहू लागला. जे आईबाप सकाळी सातला घर सोडतात आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास दमून परततात, त्यांच्या मुलाचा शाळेनंतरचा काळ कोणाच्या देखरेखीखाली जातो, याचा विचार करून पाहावा. आजी असेल तर आजीच्या, नसेल तर शेजारच्या काकूंच्या, आणि पुष्कळ घरांत केवळ एका मोबाईलच्या. तो मोबाईल चैनीखातर दिलेला नसतो. मूल घरी सुखरूप पोहोचले की नाही हे विचारता यावे म्हणून दिलेला असतो. शिवाय मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा शासनाने, शाळांनी आणि आपण सर्वांनी मिळून तो मुलांच्या हाती ठेवला. ज्या पडद्यावर वर्ग भरत होता त्याच पडद्यावर खेळही होता. त्यामुळे मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून या विषयाची सुनावणी सुरू करणे मला न्याय्य वाटत नाही.

आता त्या अंकाची कुळकथा. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आणि ‘नाइट ट्रॅप’ या खेळांतील हिंसेवरून सुनावण्या झाल्या, आणि सरकार कायदा करील या धास्तीने खेळांच्या व्यापाऱ्यांनी १९९४ मध्ये स्वतःच ‘ईएसआरबी’ नावाचे मानांकन मंडळ उभारले. सर्वांसाठी, किशोरांसाठी, सतरा वर्षांवरील प्रौढांसाठी अशा त्याच्या श्रेण्या आहेत. जर्मनीत त्याच वर्षी ‘यूएसके’ आले, जपानात २००२ मध्ये ‘सेरो’, आणि २००३ मध्ये युरोपातील बहुतेक देशांसाठी ‘पेगी’, ज्याने ३, ७, १२, १६ आणि १८ हे अंक रूढ केले. ही सर्व मंडळे प्रामाणिक हेतूने काम करतात, हे मी आरंभीच मान्य करतो. तथापि एकाच खेळाला दोन मंडळे दोन वये देतात. ज्या पब्जीने आपल्याकडील घरोघरची झोप उडविली त्याला अमेरिकेत किशोरांची, म्हणजे तेरा वर्षांची श्रेणी मिळाली, आणि युरोपात सोळाचा अंक मिळाला. मूल तेच, बंदूक तीच, रक्त तेच. तरीही तीन वर्षांचे अंतर पडते. कारण कोणत्या वयाच्या मनाला काय सोसते याचा निर्णय प्रत्येक समाज आपापल्या संस्कारांप्रमाणे करीत असतो, आणि मानांकन हे त्या संस्कारांचेच लेखी रूप असते.

मग आपल्या समाजाचे लेखी रूप कोठे आहे? चित्रपटांच्या बाबतीत ते आहे. १९१८ च्या कायद्यान्वये १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे चित्रपट तपासणारी मंडळे बसली. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. १९८३ मध्ये पालकांच्या मार्गदर्शनाची ‘यूए’ श्रेणी जोडली गेली, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या श्रेणीचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग पडले. चित्रपटांना ही श्रेणी देणाऱ्या आजच्या मंडळाचे मुख्यालय मुंबईतच, आपल्या लोकलच्याच वाटेवर आहे. ज्या देशाने शंभर वर्षे चित्रपटाचे वय ठरविले, त्या देशात मुलांच्या हाती चित्रपटाहून अधिक काळ राहणाऱ्या खेळांसाठी तसे मंडळ नाही.

आपण मोबाईलच्या दुकानात, म्हणजे प्ले स्टोअरवर, ३+, १२+, १६+ असे जे अंक पाहतो ते ‘आयार्क’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे आहेत. २०१३ मध्ये ती व्यवस्था स्थापन झाली आणि २०१५ मध्ये गुगलने ती आपल्या दुकानासाठी स्वीकारली. खेळ तयार करणारा एक प्रश्नावली भरतो: खेळात रक्त आहे काय, नग्नता आहे काय, जुगाराचे अनुकरण आहे काय, खेळाडूंना परस्परांशी बोलता येते काय. त्याच्या उत्तरांवरून यंत्र प्रत्येक प्रदेशासाठी अंक काढते, आणि जेथे स्वतःचे मंडळ नाही तेथे, म्हणजे आपल्याकडे, एक सर्वसाधारण अंक दाखविला जातो. चुकीची उत्तरे आढळल्यास अंक बदलता येतो, तक्रारही करता येते. परंतु लाखो खेळांच्या त्या बाजारात पहिला दस्तऐवज हा विक्रेत्याचाच जबाब असतो, हे पालकाने ध्यानी धरले पाहिजे. ॲपलच्या दुकानातील अंक तर निराळेच. त्या कंपनीने ते २०२५ मध्ये बदलून ४, ९, १३, १६ आणि १८ असे केले. एकाच घरात आईचा फोन एका कंपनीचा आणि बापाचा दुसऱ्या कंपनीचा असेल, तर एकाच खेळाची दोन वये मुलाला दिसणे शक्य आहे, आणि मूल त्यांतील सोयीचे वय पुढे करील यात त्याचा दोष नाही.

प्रत्यक्ष पाहून केलेल्या परीक्षणालाही मर्यादा असते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या खेळाला अमेरिकन मंडळाने सतरा वर्षांची श्रेणी दिली होती, पण २००५ मध्ये असे उघड झाले की, खेळाच्या तबकडीतच एक लैंगिक प्रसंग दडवून ठेवलेला असून बाहेरच्या छोट्याशा फेरफाराने तो खुला करता येतो, आणि मंडळाला ती श्रेणी रद्द करून केवळ प्रौढांसाठीची श्रेणी द्यावी लागली. त्याहून मोठी मर्यादा त्या मंडळानेच पुष्कळ वर्षे स्पष्ट शब्दांत छापली होती: ऑनलाइन होणाऱ्या परस्परसंवादाचे मानांकन आम्ही केलेले नाही. माझ्या मते पालकांनी वाचावे असे त्या साऱ्या साहित्यातील हेच एक वाक्य आहे. कारण आपला बारा वर्षांचा मुलगा कानाला हेडफोन लावून ज्या ‘स्क्वॉड’मध्ये खेळतो त्यातील उरलेले तिघे कोण आहेत, ते कोणत्या वयाचे आहेत, कोणत्या भाषेत शिव्या देतात, आणि खेळ संपल्यावर त्याचा नंबर मागतात काय, हे कोणत्याही अंकाला सांगता येत नाही. बंदुकीचे चित्र मंडळ तपासते. त्या बंदुकीमागे बसलेला अनोळखी माणूस तपासण्याची जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते.

पैशाचेही असेच आहे. खेळ फुकट उतरविता येतो. मग त्यात ‘डायमंड’, ‘यूसी’, ‘स्किन’ या नावांनी वस्तू विकल्या जातात, आणि कित्येकदा पेटीत काय निघेल हे पैसे भरल्यावरच कळते. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरविले. ‘पेगी’ने २०२० पासून त्यांचा स्वतंत्र उल्लेख करण्यास आरंभ केला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘फोर्टनाइट’ची मालक असलेल्या एपिक कंपनीकडून एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे कबूल करून घेतले: त्यांतील साडेसत्तावीस कोटी मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याबद्दल, आणि साडेचोवीस कोटी ग्राहकांना फसव्या रचनेने खरेदीत ओढल्याबद्दल परताव्यासाठी. त्या खेळाला युरोपात बाराचा आणि अमेरिकेत किशोरांचा अंक होता, आणि चित्रांपुरता पाहिला तर तो चूक नव्हता. पालकांची फसवणूक त्या अंकाबाहेरच्या प्रदेशात झाली.

आपल्याकडचा पब्जीचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. २०१९ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून या खेळावर बंदी मागितली. बंदी पुढे आली ती २ सप्टेंबर २०२० रोजी, एकूण ११८ ॲपांच्या यादीत, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली. परंतु तिचे कारण देशाचे सार्वभौमत्व आणि सुरक्षितता हे होते, मुलांचे हित हे नव्हे. म्हणून पुष्कळ घरांत जो निःश्वास सोडला गेला तो अकाली ठरला. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने परत आला; २८ जुलै २०२२ रोजी दुकानांतून काढला गेला; आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. या भारतीय आवृत्तीत रक्त हिरवे करण्यात आले, अठरा वर्षांखालील खेळाडूला पालकाचा मोबाईल क्रमांक देणे आवश्यक झाले, दिवसाला तीन तासांची मर्यादा आली, आणि आरंभी त्याच्या खर्चाला दिवसाला सात हजार रुपयांची मर्यादा घालण्यात आली. मर्यादा असणे हे नसण्यापेक्षा बरे. पण ज्या कुटुंबाचा महिन्याचा किराणा त्या रकमेत भागतो त्याच्या दृष्टीने अशी दैनिक मर्यादा निरर्थक आहे, आणि शाळकरी मुलाने दिवसाचे तीन तास खेळावे असे या सभागृहातील एकही आई म्हणणार नाही. कंपनीने घातलेली मर्यादा कंपनीच्या हिशेबाची असते; तीच आपल्या घराची मर्यादा समजणे हा मुखत्यारीचा त्याग होय.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. १८८७ च्या मुंबई जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळाला जी सूट दिली होती तिच्या आडोशाने पैशाचे खेळ वर्षानुवर्षे वाढले होते; नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध केले. मी या कायद्याचे मनापासून स्वागत करतो. मात्र मुलांच्या बहुतेक खेळांत पैज नसते, खरेदी असते. त्यामुळे या कायद्याने आपल्या प्रश्नाचा मोठा भाग स्पर्शिलेला नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. ती चांगली आहे. पण संमती विचारणारा ओटीपी आल्यावर तो न वाचता मुलाला सांगून टाकणारे आईबाप असतील, तर ती तरतूद कागदावर राहील.

निव्वळ हुकुमाने हा प्रश्न सुटत नाही याचा अनुभव इतर देशांनी घेतला आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळण्यास मनाई केली; मुले आईबापांच्या ओळखक्रमांकावर खेळत राहिली, दरम्यान खेळच संगणकावरून मोबाईलवर गेले, आणि २०२२ च्या आरंभी तो कायदा रद्द झाला. चीनने २०२१ मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास मुलांना दिला. तशी सत्ता लोकशाही राज्याने आपल्या हाती घ्यावी असे मला वाटत नाही. भीतीनेही हा प्रश्न सुटत नाही. २०१७ मध्ये अंधेरीतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाची दहशत घरोघर पसरली, शाळांनी सूचना काढल्या, पालकांनी फोन हिसकावून घेतले. आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की चौकशी केलेल्या घटनांत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. त्या काही महिन्यांत मुलांच्या मनातले खरे दुःख काय आहे हे विचारण्याऐवजी आपण एका न सापडणाऱ्या खेळाचा शोध घेत राहिलो, याची मला आजही खंत वाटते.

व्यसन हा शब्दही आपण जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. परंतु त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, आणि हानी दिसत असूनही तो चालू राहणे, ही लक्षणे सामान्यतः बारा महिने आढळावी लागतात. जेथे ती खरोखर आहेत तेथे वैद्यकीय साहाय्य घ्यावे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी खास चिकित्सालय आहे, आणि ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते. पण परीक्षेच्या आठवड्यात दोन डाव जास्त खेळलेल्या मुलाला व्यसनी म्हणणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे, आणि ते संबोधन मूल विसरत नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत जो एक स्वतंत्र प्रयोग केला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. तेथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला, आणि दुसरा भोंगा साडेआठला वाजेपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा शिरस्ता पडला. सरपंच विजय मोहिते यांनी आदल्या दिवशी महिलांची सभा घेतली होती. नंतर आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावीत राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. दोन्ही गावांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. परंतु अनुकरणीय वाटते ते वडगाव. बान्सीचा नियम मुलांना बांधतो. वडगावचा नियम सात वाजता बापाचाही फोन खाली ठेवायला लावतो. मुलाला सर्वांत जाचतो तो एकट्यावर लादलेला निर्बंध, आणि शेजारच्या सर्व मुलांचा पडदा त्याच वेळी बंद असेल तर निम्मी तक्रार आपोआप नाहीशी होते.

खेळाला नियम घालणे हे खेळाशी वैर नव्हे, हे मराठी माणसाला निराळे सांगण्याची आवश्यकता नसावी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधण्याचे काम सुरू झाले. गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जाणारा तो खेळ नियमांमुळे संपला नाही, उलट त्याच्या स्पर्धा उभ्या राहिल्या. घरातील नियमांनाही हीच कसोटी लावावी: नियम करणाऱ्याला खेळ ठाऊक असला पाहिजे. आज आपल्यापैकी बहुतेकांना तो ठाऊक नाही. एक उदाहरण देतो. या लढाईच्या खेळांतील एक डाव सुमारे अर्धा तास चालतो आणि तो मधेच थांबविता येत नाही. मध्येच उठणारा मुलगा आपल्या तीन सोबत्यांना तोंडघशी पाडतो, आणि पुढच्या वेळी ते त्याला घेत नाहीत. “आत्ताच्या आत्ता जेवायला ये” या आज्ञेला तो जो उर्मट प्रतिसाद देतो त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. म्हणून वेळ मिनिटांत न मोजता डावांत ठरवावी: गृहपाठानंतर दोन डाव, आणि तिसरा नाही. हा करार मुलाला कळतो, त्याला तो न्याय्य वाटतो, आणि मोडला तर मोडल्याची लाजही वाटते.

प्ले स्टोअरमध्ये पालकांच्या नियंत्रणाची सोय आहे. तेथे वयाची मर्यादा निवडून पिन घालता येतो, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावता येतो, आणि ‘फॅमिली लिंक’ या ॲपने रोजचा वेळ व झोपेची वेळ ठरविता येते. हे सर्व लोकलच्या प्रवासात, बसायला जागा मिळाली तर, एका फेरीत करता येण्याजोगे आहे. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नये, आणि पैसे गेलेच तर लाजेखातर गप्प न बसता १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. मुलाला मारू नये; त्याने सांगितले म्हणूनच आपल्याला कळले, याचा विसर पडू नये. परंतु या साऱ्याहून महत्त्वाचे काम निराळे आहे. मूल खेळत असताना त्याच्या शेजारी बसून एक संपूर्ण डाव पाहावा. कोण बोलते, काय बोलते, कोठे पैसे मागितले जातात, हरल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे पाहावे. ज्या पालकाने हे पाहिले त्याला अंकाची उपयुक्तताही कळते आणि मर्यादाही. सोळाचा अंक असलेला खेळ आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला द्यावा की न द्यावा, हा निवाडा तो स्वतः करू शकतो.

शासनाकडे माझे मागणे स्पष्ट आहे. खेळांच्या मानांकनासाठी भारताचे स्वतःचे मंडळ व्हावे, त्यात बालमानसशास्त्र जाणणारी माणसे आणि पालक असावेत, मजकुराबरोबर खरेदीची रचना आणि अनोळखी व्यक्तींशी होणारा संवाद यांचेही मानांकन व्हावे, आणि तो निर्णय मराठीसह सर्व भारतीय भाषांत, कारणांसह, खेळ उतरविण्यापूर्वी दिसावा. महानगरपालिकेकडे मागणे त्याहून साधे आहे: मुलांना सायंकाळी मैदाने मोकळी मिळावीत आणि वाचनालये उघडी असावीत, कारण पडदा बंद केल्यावर मुलाने जावे कोठे, याचे उत्तर एकट्या घराजवळ नसते.

आणि आपणाकडे, गोडदेवकरांकडे, मागणे असे की आपापल्या गृहनिर्माण सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मुलांच्या सायंकाळचा विषय घ्यावा, त्या सभेला मुलांनाही बोलवावे, आणि वडगावाने केला तसा दीड तास आपल्या इमारतीत शक्य आहे काय, हे त्यांच्यासमोर ठरवावे.